चोर सोडून संन्याशाला फाशी

ओळखचोरीचा विषय निघाला की पारावर दोन उत्तरं तयार असतात. एक बेफिकिरांचं : "आमच्याकडं चोरण्यासारखं आहेच काय?" दुसरं शहाण्यांचं : "ओटीपी सांगू नका, लिंक उघडू नका, मग काही होत नाही." पहिलं उत्तर चुकीचं आहे आणि दुसरं अपुरं. शिवाय दुसऱ्यात एक अन्यायही दडलेला आहे.

आधी पहिल्याचा समाचार घेऊ. सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीत दोन एकर कोरडवाहू कसणाऱ्याच्या खात्यात फारसं काही नसेल. पण त्याच्या नावावर सातबारा आहे, आधार आहे, पॅन आहे आणि डोक्यावर थकबाकी नाही. चोराला त्याच्या शिल्लकीशी कर्तव्य नसतं, त्याला हवी असते पत. परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड शुगर या साखर कारखान्याचं प्रकरण आठवा. शेतकऱ्यांच्या कागदपत्रांवर, त्यांना पत्ता लागू न देता, बँकांकडून कोट्यवधींची कर्जं उचलल्याच्या आरोपावरून २०१७ मध्ये गुन्हा दाखल झाला. डिसेंबर २०२० मध्ये ईडीनं कारखाना आणि संबंधितांच्या २५५ कोटींच्या मालमत्तेवर टाच आणली. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. पण ज्यांनी त्या पैशाचं तोंडही पाहिलं नव्हतं, त्यांच्या दारात बँकेच्या नोटिसा आल्या होत्या.

आता दुसऱ्या उत्तराकडे. गंगाखेडच्या त्या तक्रारींत ओटीपी कुठं होता? तेलंगणात २०१८ मध्ये एकानं जमिनीच्या नोंदणी दस्तांवरचे अंगठ्यांचे ठसे उतरवले, त्यांचे रबरी ठसे बनवले आणि हजारो सिमकार्डं चालू केली. त्या दस्तांवर अंगठा उठवणाऱ्यांनी कुणाचाही फोन उचलला नव्हता. सरकारी कचेरीत सरकारनं मागितला तिथंच त्यांनी अंगठा दिला होता. आपल्याकडं २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीकविमा आला, तेव्हा दुसऱ्याच्या, सरकारच्या, अगदी देवस्थानाच्या जमिनीवरही बोगस अर्ज भरले गेले. पुढं गैरप्रकारांचं कारण देत २०२५ च्या खरिपात ती सवलतच गेली आणि प्रामाणिक शेतकऱ्याच्या माथी पुन्हा हप्ता आला. फोनवर सावध राहाच, पण ओळख अनेकदा कागदावरून जाते आणि तो कागद आपण रांगेत उभं राहून रीतसर दिलेला असतो.

"मग झेरॉक्सच देऊ नका," असा तिसरा सल्ला मिळतो. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं तो दिलाही होता. प्राधिकरणानं दोन दिवसांत तो मागं घेतला आणि लोकांनी नेहमीची काळजी घ्यावी, असं सांगितलं. खुद्द प्राधिकरणाची ही तऱ्हा, तर सोसायटीच्या खिडकीपुढं उभ्या शेतकऱ्यानं "देत नाही" कसं म्हणावं? त्या दिवशी त्याचं काम अडेल, आणि पेरणी त्याच्यासाठी थांबत नाही.

तेव्हा आमचं म्हणणं असं. झेरॉक्स द्यावी, पण कोरी देऊ नये. तिच्यावर आडवं लिहावं : कशासाठी, कुणाला, कोणत्या तारखेला, आणि अक्षरं छापील मजकुरावरून जाऊ द्यावीत. चालत असेल तिथं शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्यावं. सेवा केंद्रातून निघताना संगणकावर उघडलेली आपली फाइल पुसायला लावावी. आधारमधल्या ठशांचं लॉक ही उत्तम सोय आहे, पण रेशनच्या यंत्रावर अंगठा लागतो त्याला ते दर महिन्याला उघडावं लागतं. ही अडचण न सांगता लॉकची जाहिरात करणं म्हणजे अर्धं सांगणं. आपल्या नावावर किती सिम आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर कळतं. देशातल्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. खरिपाचं कर्ज मागण्याआधी घरातल्या शिकलेल्या पोरानं तो काढावा. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. माहिती-तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी कलमाखाली इलेक्ट्रॉनिक ओळखीच्या अशा गैरवापराला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

पण एवढं करूनही कागद फुटतातच. म्हणून खरा मुद्दा जबाबदारीचा आहे. नाव शेतकऱ्याचं वापरलं गेलं, फसली मात्र बँक. तिनं माणूस न पाहता कागदावर विश्वास ठेवला. त्या गाफीलपणाची वसुली शेतकऱ्याकडून का? हे केवळ आमचंच म्हणणं नाही. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, असं रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं आहे. पतअहवालातल्या चुकीची तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियमही २०२४ पासून लागू आहे. हेच तत्त्व कागदावर उचललेल्या कर्जालाही लावा, इतकीच मागणी आहे.

तोवर न घेतलेल्या कर्जाची नोटीस आली तर घाबरून हप्ता भरू नये आणि तडजोडही करू नये. "हे कर्ज मी घेतलेलं नाही, माझी सही, माझा अंगठा आणि रक्कम गेली ते खातं दाखवा," असं लेखी द्यावं आणि पोच घ्यावी. तीच प्रत घेऊन तामलवाडीच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवावी. उत्तर द्यायची पाळी आता बँकेची.