विक्री म्हणजे जतन नव्हे

काळाचौकी-लालबागच्या परिसरात मालवणी खाद्यमहोत्सव भरतात, ह्याचा आम्हांस विषाद नाही. कोंबडी-वड्यांशी वैर धरणारा मनुष्य आमच्या परिचयात नाही. आमची तक्रार निराळी आहे. असल्या उत्सवांचे चालक जेव्हा व्यासपीठावरून सांगतात की, 'आम्ही कोकणची खाद्यसंस्कृती जतन करीत आहो,' तेव्हा त्या विधानाची शहानिशा करणे अवश्य होते. कारण विक्री आणि जतन ह्या दोन क्रिया एक नव्हेत.

अशा एका महोत्सवात आम्ही एक सायंकाळ गाळ्यामागून गाळा चाखीत घालविली. एकीकडे सुरमई, दुसरीकडे कोलंबी, तिसरीकडे कोंबडी. रस्सा मात्र तिन्हीकडे एकच, तांबडा आणि जहाल. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळाचा वास नव्हता. काळ्या वाटाण्याचे सांबारे, कोवळ्या फणसाची भाजी, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे ह्यांचा कोठे पत्ता नव्हता. कुळथाच्या पिठीचे तर नावच नको! ज्या पिठी-भातावर कोकणातल्या गरिबाने कित्येक पावसाळे काढले, ती पिठी जेथे नाही, तेथे कोकण आहे असे म्हणावे तरी कसे?

ह्यावर कोणी म्हणेल, तिखट हाच मालवणीचा प्राण आहे आणि लोक मागतात तेच विकावे लागते. पण मिरची मूळची कोकणची नव्हेच. मेक्सिकोच्या भूमीत हजारो वर्षांपूर्वी लागवडीस आलेले हे फळ पोर्तुगिजांच्या व्यापाराबरोबर आमच्या किनाऱ्यास लागले. ते आमचे झाले, ह्यात वाद नाही. परंतु पाहुणीस घरात घेणे वेगळे आणि तिच्यासाठी आमसूल-तिरफळ ह्या घरच्या माणसांस बाहेर काढणे वेगळे. मेक्सिकोचेच उदाहरण पाहा. २०१० साली युनेस्कोने त्या देशाच्या पारंपरिक पाकविद्येस मानवजातीच्या वारशात स्थान दिले, ते एखाद्या झणझणीत पदार्थासाठी नव्हे. मिचोआकान प्रांताचा दाखला पुढे ठेवून जे मान्य झाले, त्यात मका, घेवडा व मिरची ह्यांची शेती होती, दळण्या-शिजविण्याची रीत होती, आणि ती रीत पुढच्या पिढीस देणाऱ्या स्त्रियांचे समूह होते. तेथे मान शेतापासून चुलीपर्यंत पोचला. आमच्याकडे तो ताटापाशीच थांबतो.

आणि हे काळाचौकीत घडावे, ह्याचे वैषम्य अधिक वाटते. कोकणातून एकटे आलेले गिरणी कामगार ह्या भागात कोणाच्या हातचे जेवले? दहा बाय दहाच्या खोलीत चूल पेटवून, महिन्याच्या उधारीवर, पाळीच्या वेळा सांभाळून त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्यांच्या हातचे. सावकारी व्याजाखाली पिचणाऱ्या ह्याच बायांसाठी प्रेमाताई पुरव ह्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले व त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, जेवणाऱ्यांचा पगार थांबला, आणि त्याबरोबर ह्या चुलींवरही संकट आले. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर कापडधंद्याचे संग्रहालय महापालिकेने योजिले आहे. ते उचितच होय. पण कापड विणणाऱ्यास ज्यांनी जगविले, त्यांचे स्मरण निदान अन्नाच्या उत्सवात तरी नको काय?

काही उत्सवांत बचतगटांच्या स्त्रियांना गाळे देतात, हे आम्ही नाकबूल करीत नाही. परंतु गाळ्याच्या फलकावर पुढाऱ्याचे चित्र मोठे आणि रांधणारीचे नाव मुळीच नाही, ही रीत कोणत्या संस्कृतीची? आमची मागणी खर्चाची नाही. प्रत्येक गाळ्यावर रांधणारीचे नाव आणि तिचा गाव लिहावा. प्रत्येक गाळ्याने रोजच्या, गरिबीच्या जेवणातला एक तरी पदार्थ ठेवावा. आणि चाखू इच्छिणाऱ्यास लहान वाटी मिळावी, म्हणजे देवगड आणि वेंगुर्ले ह्यांच्या चवींतील भेद कळण्यापूर्वीच त्याचे पोट व खिसा भरणार-रिकामा होणार नाही.

एवढे करणे ज्यांना जड वाटते, त्यांनी खुशाल विकावे. धंदा करणे हे पाप नव्हे. फक्त त्यास जतन म्हणू नये.