प्रश्न कळला, पण उत्तर कसं हवं?

आपल्या सीमाभागातली कितीतरी मुलं वर्गात मराठीत उत्तर देतात, पण गणित करताना मनात 'ओंदु, एरडु' मोजतात. माझ्या वर्गातही हे दिसतं. त्यात वावगं काही नाही, वेळ मात्र थोडा जास्त लागतो आणि परीक्षेचं घड्याळ तेवढं थांबत नाही.

इंदूरला शिकायला येणाऱ्या परदेशी मुलांचं असंच होतं. होळकरांचं हे शहर आपल्याला परकं नाही. तिथं १८९१ साली होळकर कॉलेज निघालं, १९६४ साली विद्यापीठ झालं, त्याला १९८८ मध्ये देवी अहिल्यांचं नाव मिळालं. पुढे आयआयएम आणि आयआयटीही आल्या. केंद्र सरकारने २०१८ मध्ये 'स्टडी इन इंडिया' योजना सुरू केली, तेव्हापासून परदेशी विद्यार्थ्यांना बोलावण्यावर देशभर भर आहे. पण आलेल्या मुलाला शिकवायचं कसं आणि तपासायचं कसं?

कागदावर माध्यम इंग्रजी असतं. अवघड मुद्दा आला की प्राध्यापक सहज हिंदीत शिरतात. स्थानिक मुलांना तेवढ्यानं उलगडा होतो. आफ्रिकेतून आलेल्या मुलाचा धागा मात्र नेमका तिथंच तुटतो.

परीक्षेत आणखी एक अडचण येते. 'चर्चा करा' म्हटलं की आपली मुलं मुद्दे काढतात, उपशीर्षकं देतात, खाली रेघ मारतात. शाळेपासूनची सवयच ती. सलग निबंध लिहायला शिकलेल्या परदेशी मुलाला विषय कळूनही गुण कमी पडतात. हे त्याला कळतं ते गुणपत्रिका हाती पडल्यावर, म्हणजे सत्र संपल्यावर. एक विषय राहिला तरी शिष्यवृत्ती आणि व्हिसा या दोन्हींची काळजी सुरू होते.

यावर उपाय खर्चाचे नाहीत. पहिल्या महिन्यात बिनगुणांची छोटी चाचणी घ्यावी. तपासलेली एखादी उत्तरपत्रिका नाव झाकून वर्गात दाखवावी, गुण कशाला मिळाले ते सांगावं. पारिभाषिक शब्दांची यादी आधीच द्यावी. ही सवलत नव्हे. खेड्यातून आलेल्या आपल्या मुलांनाही याचा तेवढाच उपयोग होईल.

वाचकहो, आपलीही मुलं शिकायला पुण्या-बेंगळुरूला, काही तर जर्मनी-अमेरिकेलाही जातात. निघताना पापड-लोणच्याबरोबर एवढं जरूर सांगा: पहिल्याच आठवड्यात सरांना विचार, 'चांगलं उत्तर तुमच्याकडे कशाला म्हणतात?'