विश्लेषण : करार संपला, निवृत्तांच्या आरोग्यविम्याचे काय?

अमेरिकेत ६५ वर्षांआधी निवृत्त होणाऱ्या कामगाराला 'मेडिकेअर' ही सरकारी आरोग्य योजना सहसा मिळत नाही. तोवर अनेकांची भिस्त असते ती कंपनीच्या आरोग्यविम्यावर. हा विमा आयुष्यभराचा की करार संपेपर्यंतचा, हा वाद कामगार संघटना आणि मालकांना वारंवार फेडरल न्यायालयात नेतो.

फेडरल न्यायालयातच का?

१९४७च्या टाफ्ट-हार्टले कायद्यातील कलम ३०१ नुसार करारभंगाचे असे दावे तेथे दाखल करता येतात. या करारांना देशभर एकच फेडरल कायदा लागू राहील, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७मध्ये लिंकन मिल्स खटल्यात ठरवले.

वाद कसा पेटला?

वेस्ट व्हर्जिनियातील एम अँड जी पॉलिमर्स कंपनीच्या करारात पात्र निवृत्तांच्या आरोग्यविम्याचा खर्च कंपनी उचलेल, असे म्हटले होते. २००६च्या अखेरीस कंपनीने निवृत्तांनीही वाटा द्यावा, असे जाहीर केले. निवृत्त कामगार आणि त्यांची संघटना न्यायालयात गेली.

न्यायालय काय म्हणाले?

सहाव्या सर्किटचे अपील न्यायालय १९८३पासून असे लाभ आजीवन असल्याचे गृहीत धरण्याकडे झुकत असे. २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हे गृहीतक मोडीत काढले. इतर करारांचा लावतात तसाच याही करारांचा अर्थ लावा, करार मौन असेल तर त्यातून आजीवन हमी काढू नका, असे न्यायालयाने बजावले. २०१८मध्ये सीएनएच खटल्यात हाच मुद्दा पुन्हा ठासून सांगितला.

मग पेन्शनचे काय?

ते वेगळे. मिळवलेल्या पेन्शनला १९७४चा 'एरिसा' कायदा संरक्षण देतो. आरोग्यविम्याला तसे आपोआप संरक्षण नाही. तेथे कराराचा शब्दच प्रमाण.

न्याय की निव्वळ शब्द?

निकाल कायद्याच्या चौकटीत बसतो, पण दोन्ही पक्ष समान बळाचे नाहीत. निवृत्ताला संपाचे हत्यार उरत नाही. त्यातच, आधीच निवृत्त झालेल्यांच्या लाभांवर वाटाघाटी करणे मालकाला बंधनकारक नाही, असा १९७१चा निकाल आहे. कंपनी करारापुढेही तगते, कामगाराचे उमेदीचे दिवस मात्र सरलेले असतात. म्हणून खरी लढाई कोर्टात नव्हे, वाटाघाटीच्या टेबलावर आहे. पगारवाढीच्या आकड्याइतकाच 'किती काळ' हा शब्दही संघटनांनी तेथेच लिहून घ्यायला हवा. पेन्शनला कायद्याचे कवच देणाऱ्या अमेरिकी संसदेने आजारपणातील आधारही केवळ कराराच्या मजकुरावर सोडू नये.