सावलीला पारखा झालेला वारसा

‘जंतर-मंतर’ म्हटले की आज डोळ्यांपुढे उभी राहतात ती उपोषणे, घोषणा आणि वाहिन्यांचे कॅमेरे. ज्या रस्त्यावर ही आंदोलने होतात, त्याच्या शेजारीच सवाई जयसिंहांनी १७२४ साली उभारलेली वेधशाळा आहे आणि ‘जंतर’ म्हणजे ‘यंत्र’, हे किती पदवीधरांना ठाऊक असते?

दिल्ली, जयपूर, उज्जैन, वाराणसी आणि मथुरा अशा पाच ठिकाणी जयसिंहांनी वेधशाळा बांधल्या. मथुरेची नामशेष झाली. दिल्लीत यंत्रांभोवती उत्तुंग इमारती उठल्या. सूर्य-तारे पाहणे हेच ज्या यंत्रांचे प्रयोजन, त्यांचे क्षितिज झाकायचे आणि दारावर ‘संरक्षित स्मारक’ अशी पाटी लावायची, हे कसले संरक्षण? चौथरा राखला, आकाश मात्र गमावले!

जयपूरच्या वेधशाळेला २०१० साली जागतिक वारशाचा मान मिळाला. तेथील सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. त्याची तिरकी भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे. तिची सावली दर मिनिटाला सुमारे ६ सेंटीमीटर सरकते आणि २ सेकंदांपर्यंतची वेळ वाचता येईल अशा खुणा कमानीवर आहेत. सहलीला आलेली मुले मात्र तेथे छायाचित्र काढून परततात.

कोणी शहाणा मनगटावरच्या घड्याळाकडे पाहून म्हणतो, “हे तर मागे आहे!” दोष यंत्राचा नाही, त्याच्या शिक्षणाचा आहे. १ जानेवारी १९०६ रोजी लागू झालेली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. जयपूर त्याच्या पश्चिमेस असल्याने तेथील स्थानिक वेळ सरासरी २७ मिनिटे मागे असते. मुंबईची ३९ मिनिटे. पृथ्वीच्या कक्षेमुळे व अक्षाच्या कलामुळे त्यात ऋतूनुसार आणखी काही मिनिटांचा फरक पडतो. घड्याळ सांगते तो व्यवहारासाठी केलेला करार. सावली सांगते ते प्रत्यक्ष सूर्याचे स्थान.

‘घटका भरली’ हा वाक्प्रचार मराठी घरांत आजही आहे. पण पाण्यावर तरंगणारे सच्छिद्र घटिकापात्र २४ मिनिटांत भरून बुडते आणि अहोरात्राच्या अशा ६० घटका होतात, हे मुलांना कोण सांगतो? शब्द उरला, शास्त्र विसरले.

या विस्मृतीवर पोकळ अभिमान हा उपाय नव्हे. ‘सर्व काही आमच्याकडे होतेच’ ही घोषणा देणारा आणि ‘काहीच नव्हते’ म्हणून हिणवणारा, दोघेही यंत्राकडे पाठ करूनच उभे असतात. जयसिंहांची वृत्ती वेगळी होती. त्यांनी उलुगबेगच्या समरकंदी परंपरेचा अभ्यास केला, पोर्तुगालला शिष्टमंडळ पाठविले, तेथून आलेली ला हिर यांची कोष्टके प्रत्यक्ष वेधांशी ताडून पाहिली आणि त्यांतील चुका दाखविल्या. परक्याचे शिकावे, पण पारखून घ्यावे! खरा स्वाभिमान तो हाच.

प्रत्येक शाळेच्या अंगणात एक सरळ काठी रोवण्यास कोणत्या अनुदानाची गरज आहे? शुल्बसूत्रांनी शंकूच्या सावलीवरून दिशा ठरविण्याची रीत सांगितली आहे. मुलांनी ती करून पाहावी, मध्यान्हाची नोंद ठेवावी, घड्याळाशी पडणारा फरक स्वतः शोधावा. वारसा पूजेने टिकत नाही, वापराने टिकतो. सूर्य आजही वेळेवर उगवतो; त्याची सावली मोजणारे हात तेवढे हवे आहेत.