नानीचा गळा

घरात गळती सुरू झाली की आपल्याकडे दोनच उपाय असतात. एक म्हणजे "पावसामुळे असेल, उन्हाळ्यात वाळेल". दुसरा म्हणजे "फोडा सगळं". या दोन टोकांच्या मध्ये एक लांबलचक प्रदेश आहे, त्याचं नाव शोध. आणि आपण, म्हणजे आठवडाभर ऑफिसात बसून कुठल्या ओळीत बग आहे हे शोधण्याचे पगार घेणारे लोक, घरातल्या गळतीच्या बाबतीत मात्र हा प्रदेश चुकवून जातो. माझं म्हणणं एवढंच की फोडायचं काम मिस्त्रीचं असेल, पण शोधायचं काम आपलं आहे. ते आपण त्याच्यावर ढकलतो आणि मग बिल बघून बोंब मारतो.

आता हे सगळं सुचायचं कारण म्हणजे आमचं ओतूरचं घर. खाली दोन खोल्या भाड्याने दिलेल्या, वर आई आणि आण्णा. वरचं बाथरूम आठ वर्षांपूर्वी नवीन बांधलं. श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराची यात्रा असते. मांडवीच्या काठी तांदळाच्या पिंडी बघायला सगळा गोतावळा जमतो आणि एरवी दोन माणसं वापरतात त्या बाथरूममध्ये चौदा माणसं अंघोळी उरकतात. याला आमच्या धंद्यात लोड टेस्टिंग म्हणतात. यात्रेनंतर चारच दिवसांनी खालच्या वहिनींनी सांगितलं की छताच्या कोपर्‍यात ओल आली आहे आणि ती आता भिंतीवरून खाली उतरतेय. कुठपर्यंत? तर विजेच्या बोर्डापासून वीतभर अंतरावर. त्याच बोर्डाखाली त्यांचा पहिलीतला मुलगा अभ्यासाला बसतो.

इथे "पावसामुळे असेल" हा पर्याय संपला. भिंत खराब होणं वेगळं आणि ओल्या बोर्डाला लहान मुलाचा हात लागणं वेगळं. पहिलं काम म्हणून त्या बोर्डाची लाइन मेन पॅनलमधून बंद करायला लावली आणि दुसर्‍या दिवशी इलेक्ट्रिशियनला बोलावून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. (तुमच्या घरात तो नसेल तर पुढचं वाचायच्या आधी त्याची चौकशी करा. गळतीवरचा लेख नंतरही वाचता येईल.)

मग आले प्लंबर आणि गवंडी. प्लंबर म्हणाला, "पाइप टकाटक आहे साहेब, गवंड्याने कोबा कच्चा केलाय." गवंडी म्हणाला, "कोबा माझा पक्काय, जॉइंट त्याचा सुटलाय." फरशीवाला गावात नव्हता म्हणून वाचला, नाहीतर त्याचंही नाव आलं असतं. फ्रंट एंडवाला बॅक एंडकडे बोट दाखवतो आणि दोघं मिळून नेटवर्कला शिव्या घालतात, तो प्रकार मी रोज बघतो, त्यामुळे राग आला नाही. उलट वाटलं, दोघंही खरं बोलत असतील. पाइप चांगला असेल, कोबाही चांगला असेल. मग उरली ती दोघांच्या मधली जागा.

ही मधली जागा म्हणजे नानी ट्रॅपचा गळा. नानी म्हणजे आजी नव्हे हं! मूळ शब्द आपली न्हाणी. देशभरच्या हार्डवेअरच्या दुकानांत, अगदी इंग्रजी कॅटलॉगातसुद्धा याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात, प्लंबरच्या तोंडी त्याची नानी झाली. कोब्याचंही तसंच, इंजिनिअर मंडळी ड्रॉइंगवर बिनदिक्कत 'ब्रिकबॅट कोबा' लिहितात. बाथरूमच्या तळाशी आपली भाषा इतकी घट्ट बसलेली आहे आणि आपल्याला मात्र तिथे नेमकं काय आहे ते माहीत नसतं.

तर जाळी उचलली की खाली एक वाटी असते आणि तिच्यात पाणी कायम साठून राहतं. साधारण ५० मिलिमीटरचा हा पाण्याचा पडदा गटाराचा वास आणि झुरळं वर येऊ देत नाही. वाकड्या पाइपात पाणी अडवून ठेवायची ही युक्ती अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने १७७५ साली लंडनमध्ये पेटंट केली. तेव्हापासून मूळ कल्पना बदललेली नाही, कारण बदलण्यासारखं तिच्यात काही नाही. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या इमारतींमध्ये सार्सची लागण तीनशेहून जास्त लोकांना झाली. तपासात जी कारणं पुढे आली त्यात एक मुख्य कारण हे की बाथरूमच्या जमिनीतले ट्रॅप सुकलेले होते. लोक जमिनीवर पाणी ओतत नव्हते, पडदा उडून गेला आणि सांडपाण्याच्या पाइपातली हवा घरात यायला वाट मिळाली. गावची घरं महिनोन्‌महिने बंद ठेवणार्‍यांनी हे लक्षात ठेवावं. कुलूप लावण्याआधी प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर तेल ओतायचं, तेलाच्या थरामुळे पाणी लवकर उडत नाही.

विषयांतर झालं, असो. गळ्याकडे येऊ.

ट्रॅप पीव्हीसीचा, त्याच्या भोवती सिमेंटचा कोबा, वर टाइल. पीव्हीसीचा पृष्ठभाग गुळगुळीत, सिमेंट त्याला नुसतं टेकून उभं राहतं, चिकटत नाही. त्यात सिमेंट वाळताना आकसतं. त्यात रोज सकाळी दोन बादल्या कढत पाणी. तापल्यावर पीव्हीसी जेवढं वाढतं ते सिमेंटच्या पाच-सहा पट असतं. रोज थोडं फुगायचं, थोडं आवळायचं. आठ वर्षांत गळ्याभोवती केसाएवढी फट पडायला एवढं पुरे आहे. आणि गंमत अशी की बाथरूमचा सगळा उतार पाणी बरोब्बर त्याच फटीकडे आणून सोडतो.

पण हा झाला तर्क. तर्कावर घण चालवायचा नसतो. प्लंबरचा अंदाज होता सगळं बाथरूम उचकटायचा, खर्च पंचेचाळीस हजार. मी म्हटलं, चार वीकांत द्या.

पहिल्या वीकांताला फक्त वाळवलं. कोबा स्पंजासारखा असतो, आत आठवडाभराचं पाणी मुरलेलं असतं. त्यामुळे "कालपासून वापर बंद आहे तरी गळतंय" याला काहीच अर्थ नसतो. आई-आण्णांची अंघोळ परसातल्या जुन्या न्हाणीत सुरू झाली. दगडी फरशी, बंब, आणि पाणी थेट कर्दळीच्या आणि अळवाच्या वाफ्यात. त्या न्हाणीत गळती नावाची भानगडच नाही, कारण गळायला खाली कोणी राहत नाही आणि पाणी कुठे जातंय हे डोळ्यांना दिसतं. आण्णा म्हणाले, "अरे, हीच बरी होती. वर कशाला चढवली?" प्रश्न चांगला होता, उत्तर माझ्याकडे नव्हतं.

खालच्या भिंतीवर ओलीच्या कडेने पेन्सिलची रेघ मारली, शेजारी तारीख-वेळ. वहिनींनी रोज सकाळ-संध्याकाळ रेघ मारायची, झालं आपलं लॉगिंग. याच आठवड्यात रात्री वरच्या टाकीत पातळीची खूण करून सगळे नळ बंद ठेवले, सकाळी पातळी तीच. म्हणजे येणारी पाइपलाइन निर्दोष.

पुढच्या शनिवारी ट्रॅपमध्ये नळी थेट आत घालून, जमिनीला थेंब न लावता सहा बादल्या पाणी सोडलं. रविवार संध्याकाळपर्यंत रेघ हलली नाही, म्हणजे जाणारा पाइपही निर्दोष. प्लंबर खरंच खरं बोलत होता.

तिसर्‍या खेपेला पोराची खेळण्यातली क्ले घेतली. ती तेलकट असते, पाण्यात विरघळत नाही. तिची ट्रॅपभोवती वीतभर व्यासाची बोटभर उंच पाळ केली आणि पाळीच्या बाहेर संपूर्ण जमिनीवर इंचभराच्या आतबाहेर पाणी उभं केलं. उंबर्‍याशीही तशीच पाळ. चोवीस तास. खाली कोरडं. म्हणजे गवंडीही खरं बोलत होता! चौथ्या वीकांताला उलटं केलं. पॉलिथिनमध्ये चिंधी गुंडाळून ट्रॅपच्या आत, जोडाच्या खाली घट्ट बोळा बसवला आणि फक्त पाळीच्या आत पाणी भरलं. त्यात कपड्यांची नीळ. सकाळी नऊला भरलं, दुपारी चारला वहिनींनी खालून हाक मारली. छताच्या कोपर्‍यात निळसर ठिपका आला होता.

मला कोणी विचारलं की एवढं करायला चार शनिवार-रविवार घालवणं परवडतं का, तर माझं उत्तर आहे की हो. मी पुण्याहून येत होतो, प्रत्यक्ष काम दिवसाला अर्ध्या तासाचं होतं, बाकी वाट बघणं. वीतभर वर्तुळ फोडायचं की अख्खं बाथरूम, एवढं ठरवायला त्या थोड्या वेळाने मदत झाली.

दुरुस्ती तशी अगदीच साधी. मिस्त्रीने गळ्याभोवतीच्या टाइल काढल्या, इंच-दीड इंच खोल खाच मारली, ब्रशने साफ केली. पीव्हीसीची बाहेरची बाजू सँडपेपरने खरखरीत केली. हे मी आग्रहाने करायला लावलं, कारण गुळगुळीत प्लॅस्टिकवर काहीही टिकत नाही. मग न आकसणारं पॉलिमरचं मॉर्टर ठासून भरलं, वर दोन घटकांच्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात आणि त्यांच्या मध्ये जाळीचं कापड, ते ट्रॅपच्या तोंडावरून आत वळवलेलं. चार दिवस वाळू दिलं, पुन्हा पाणी आणि नीळ भरून अठ्ठेचाळीस तास ठेवलं, आणि मगच टाइल लावून सांध्यांत इपॉक्सी ग्राउट. मिस्त्री कुरकुरला, "आम्ही एवढं कधी करत न्हाय." मजुरी धरून साडेचार हजार. एम-सीलचा गोळा लावून भागवणारे म्हणतील की तेही जास्तच. भागवोत बापडे.

आता पुण्या-मुंबईत फ्लॅट असलेल्यांसाठी. तुमची मधली जागा आणखी गुंतागुंतीची आहे, कारण वरचा आणि खालचा यांच्यात स्लॅब एकच आणि बोलणं बहुधा बंद. इमारत नवी असेल तर २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १४ वाचा. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या कामगिरीतला दोष दाखवलात तर बिल्डरने तो तीस दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. त्यामुळे ओलीचे फोटो आणि लेखी तक्रार पाच वर्षांच्या आतली हवी. त्यानंतर महाराष्ट्रातल्या सोसायट्यांचे आदर्श उपविधी लागू होतात, त्यात संडास-बाथरूम-सिंक यांच्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित फ्लॅटवाल्याचा आहे. सोसायटीचा नाही, खालच्याचा तर नाहीच नाही. तरीही खालचाच बिचारा तीन-तीन वर्षं हात जोडत वर जातो, आणि वरचा उच्चशिक्षित गृहस्थ दारातूनच सांगतो की आमचं बाथरूम कोरडं आहे. अर्थात कोरडं आहे! पाणी तुमच्याकडे थांबतच नाही ना!

माझा खरा राग या वृत्तीवर आहे, प्लंबरवर नाही. आमच्याच घरात पहिली प्रतिक्रिया काय होती? "भाडेकरूंना थोडी कळ काढायला सांगू, दिवाळीनंतर बघू." ओल ज्याच्या डोक्यावर पडते त्याच्या हातात फोडायचा अधिकार नसतो, आणि ज्याच्या हातात अधिकार असतो त्याला ओल दिसत नाही. म्हणून मला वाटतं, घर बांधतानाच मधल्या जागेला मालक नेमला पाहिजे. ट्रॅप बसवून झाला, कोबा झाला, की टाइल लावायच्या आधी प्लंबर आणि गवंडी दोघांना एकत्र उभं करायचं, बाथरूम पाण्याने भरायचं, दोन दिवस थांबायचं, आणि खालून कोरडं निघाल्याशिवाय दोघांपैकी कोणाचाही शेवटचा हप्ता द्यायचा नाही. झाकण्याआधी प्रत्येक भिंतीचे आणि जमिनीचे फोटो, शेजारी टेप धरून. आपण कोडला डॉक्युमेंटेशन नाही म्हणून आरडाओरडा करतो आणि आयुष्यभराची कमाई घातलेल्या घरात पाइप कुठून गेलाय ते विचारायला आठ वर्षांपूर्वीच्या प्लंबरचा मोबाइल नंबर शोधत बसतो.

आमच्याच तालुक्यात, शिवनेरीवरच्या गंगा-जमुना टाक्यांत वर्षभर पाणी असतं. कातळात कोरलेल्या टाक्या त्या, चार बाजू आणि तळ एकाच दगडाचे. जोडच नाही तर जोडावरून भांडण कुठलं! आपल्याला ते शक्य नाही. आपली घरं जोडांचीच बनलेली असणार.

खालच्या खोलीला रंग अजून दिलेला नाही. आईला गणपतीच्या आत हवा होता, पण आतून ओली असलेल्या भिंतीवर रंग मारला की तो पोपडे होऊन गळतो, म्हणून दिवाळीपर्यंत थांबणार आहोत. तोवर दोन महिन्यांचं भाडं घेतलेलं नाही. पेन्सिलच्या रेघा भिंतीवर तशाच आहेत, शेवटची रेघ पहिलीपेक्षा दोन वीत वर सरकली आहे. वहिनींचा मुलगा आता त्या रेघांशेजारी स्वतःची उंची मांडून ठेवतोय.