ढगातली चाळ

आमच्या विंचुरात चाळ म्हटली की बिऱ्हाडे आणि सार्वजनिक नळ डोळ्यांपुढे येत नाहीत. मुंबईकर वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. आमची चाळ कांद्याची. जमिनीपासून उंच, दोन्ही बाजूंनी वारा खेळता, आत उन्हाळ कांदा. ज्याची स्वतःची चाळ नाही तो दुसऱ्याच्या चाळीत माल ठेवतो. पण ठेवण्याआधी विचारतो, किती दिवस ठेवू देणार, आणि मी नसलो तर माल कोणाच्या हाती देणार? इतका व्यवहार आमच्याकडे पोरासोरांनाही कळतो.

पण फोटो ठेवताना हेच प्रश्न कोणी विचारीत नाही. हल्ली फोटो ढगात ठेवतात. हा ढग आकाशात नसतो बरे का. कुठल्या तरी कंपनीच्या जमिनीवरच्या कोठारांत अहोरात्र विजेवर चालणारी यंत्रे, त्यांचे हे काव्यमय नाव. सुरुवातीची थोडी जागा फुकट मिळते. गूगल १५ जीबी देते, मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल ५-५, ड्रॉपबॉक्स २.

आमच्या कॉलेजातला एक विद्यार्थी लग्नाचे फोटो काढून शिक्षणाचा खर्च भागवतो. मला म्हणाला, "सर, मोठ्या फाईली फुकट ठेवायला चांगली जागा कोणती?" मराठीच्या मास्तराला हा प्रश्न म्हणजे वैद्याला नांगराची किंमत विचारण्यापैकी! तरी आम्ही दोघे हिशेब मांडायला बसलो. एका लग्नाचे दोन हजार फोटो. कॅमेऱ्यातली मूळ, 'रॉ' फाईल ३० एमबीची. म्हणजे एका लग्नाचे ६० जीबी झाले. गूगलच्या १५ जीबीत बसणार पाचशे फोटो. सीमांतपूजन आणि हळद आटोपते न आटोपते तोच कोठी भरली, नवरानवरी अंतरपाटाबाहेरच! शिवाय सेकंदाला १० मेगाबिट वेगाने ते ६० जीबी वर चढवायचे तर तेरा तासांहून अधिक वेळ.

"पण सर, आणखी मोठी फुकट जागा कुठे तरी मिळेलच की."

मिळते, पण टिकते किती? फ्लिकरने २०१३ साली १ टीबी फुकट देऊ केले. पुढे मालक बदलला आणि २०१९ पासून फुकट खात्याला हजार फोटोंची मर्यादा आली. गूगलने २०१५ पासून थोडे आकसलेले फोटो हवे तितके फुकट ठेवू दिले. १ जून २०२१ पासून तेही १५ जीबीत मोजले जाऊ लागले. यात लबाडी नाही. चाळ ज्याची, भाडे ठरवायचा हक्क त्याचा.

मला धास्ती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. आमच्या आळीतल्या एका माउलीचा तरणा मुलगा गेला. घरातले सगळे फोटो त्याच्याच खात्यात. परवलीचा शब्द त्याच्याबरोबर गेला. भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून शेवटी लग्नाच्या एका ग्रूप-फोटोतून त्याचा चेहरा कापून मोठा केला. तो इतका धूसर आला, की माउली जवळ जाऊन बोटांनी चाचपून पाहते.

गूगलमध्ये दोन वर्षे वापर नसलेले खाते पुसले जाऊ शकते. पण आपल्यामागे ते कोणाच्या हाती द्यावे हे सांगून ठेवण्याची सोयही तिथेच आहे. ती किती जण वापरतात?

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने एक साधा नियम लोकप्रिय केला आहे: प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. त्या मुलाला मी तेच सांगितले. मूळ फाईली दोन हार्ड डिस्कवर ठेव. एक घरी, एक नाशकात मामाकडे. निवडक दोनशे फोटो आठ-आठ एमबीचे करून फुकटच्या ढगात ठेव. दीड-पावणेदोन जीबीत काम होते. गिऱ्हाइकाला व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर फोटो आकसून जातो.

आणि वाचकहो, तुम्ही फोटोग्राफर नसाल, तरी घर तुम्हालाही आहे. यंदा वहीपूजनाच्या दिवशी चोपडीशेजारी ती डिस्कही ठेवा. उघडून पाहा, फोटो दिसतात ना? खात्याच्या चाव्या कोणाकडे आहेत, हे घरातल्या एकाला तरी सांगा. आणि आईचा एक फोटो आजच कागदावर छापून आणा.