एकरी पंचवीस हजार वेळा



चामोर्शी तालुक्यात रोवणी सुरू झाली की आपल्या बैठका बंद पडतात. पऱ्हे उपटणे, पेंढ्या बांधणे, रोवणे, पुढे निंदण. धानाच्या बांधीतले वाकून करायचे जवळजवळ सगळे काम बाईचे. चिखलणी पुरुषाची, आणि तीही आता बऱ्याच ठिकाणी ट्रॅक्टरची.

या धानावर संशोधन करणारी केंद्रे काही फार दूर नाहीत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे विभागीय संशोधन केंद्र सिंदेवाहीला आहे, गडचिरोलीजवळ सोनापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे. वाण, मशागत, जमिनीचा कस यांवरचे प्रयोग व्हायलाच हवेत. आमचा प्रश्न मोजमापाचा आहे.

डॉ. नारायण सावंत यांच्या नावाशी जोडलेली चारसूत्री भातशेती घ्या. तुसाची राख किंवा पेंढा जमिनीत परत घालायचा, गिरिपुष्पाचा पाला गाडायचा, रोप १५-२५ सेंटिमीटरवर नियंत्रित लावायचे आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची एक गोळी सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. शास्त्र पक्के आहे. वरून फेकलेला युरिया पाण्याबरोबर वाहून जातो, हवेत उडतो. चिखलात खोल गेलेला मुळाशी टिकतो. खत वाचते, धान वाढते.

आता हिशेब करा. चार चुडांचा चौकोन ४० बाय ४० सेंटिमीटर जागेचा. म्हणजे हेक्टरी ६२,५०० गोळ्या, एकरी सुमारे २५,०००. प्रत्येक गोळी हाताने, रोवणीच्याच दिवशी, चिखलात वाकून. हेक्टरी किती क्विंटल आले ते प्रयोगाच्या तक्त्यात असते. कंबर आणि चिखलाने कुजलेली बोटे कोणत्या रकान्यात लिहायची?

उलट बाजूही आहे. पेरीव धान, रोवणी यंत्र, तणनाशक यांनी वाकणे वाचते, पण गुत्त्याने रोवणी घेणाऱ्या भूमिहीन बाईची वर्षातली मोठी मजुरीही जाते. ‘मजूरटंचाईवर उपाय’ असे त्याला म्हणतात. टंचाई कोणाची, हे मालकाला विचारले की मजुराला, त्यावर उत्तर बदलते. आमचे मत असे की यंत्र यावे, पण ते बायकांच्या गटाच्या मालकीचे यावे आणि चालवायलाही बाईच असावी.

श्रेयाचे तर विचारूच नका. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या बांधीत निवडून ‘एचएमटी’ धान तयार केले. विद्यापीठाने १९९४ साली ते बियाणे नेले आणि १९९८ साली ‘पीकेव्ही-एचएमटी’ म्हणून वाण प्रसारित केला. दादाजींना हक्कासाठी झगडावे लागले. २०१८ साली ते गेले. पुरुष शेतकऱ्याची ही गत, तर घरात बियाणे निवडून राखेत जपणाऱ्या बाईचे नाव कोण नोंदवणार? २०१५ पासून मिळणारी मृदा आरोग्य पत्रिकासुद्धा सातबाऱ्यावर ज्याचे नाव त्याचीच.

१ जुलैच्या कृषिदिनाला गटांनी सोनापूरला जावे. गावातल्या एका बाईच्या बांधीत प्रात्यक्षिक मागावे, तिच्याच नावाने. प्रत्येक प्रयोगात बाईचे तास आणि बुडालेली मजुरी लिहायला लावावी. भूधारक नसलेल्या बाईला अर्ज देतात की परत पाठवतात, तेही पाहावे आणि आम्हाला कळवावे. पुढच्या अंकात छापू.